बंबातली करवंटी ते सुपरकॅपॅसिटर : आमची वाटचाल

आमच्या घरचा धंदा खोबऱ्याचा. मागच्या पडवीत करवंट्यांचा ढीग कायमचा. शेजारीपाजारी बंबासाठी पाटी भरून न्यायचे. पुढे करवंट्यांचा कोळसा करून विकू लागलो, मग कुडाळ एमआयडीसीत गाळा घेऊन पाण्याच्या फिल्टरचा कार्बन.

सुपरकॅपॅसिटर, म्हणजे बॅटरीसारखा वीज साठवणारा सेल, हा शब्द भाच्याने घरात आणला. बॅटरीत रासायनिक क्रिया होते. इथे विद्युतभार नुसता कार्बनच्या पृष्ठभागाला चिकटतो, म्हणून चार्जिंग काही सेकंदांत. जागा जास्त तर भार जास्त. कोळशाला ८५० अंशांच्या आसपास वाफ दिली की तो आतून पोखरला जातो आणि एका ग्रॅममध्ये १,६०० चौरस मीटर जागा तयार होते. म्हणजे जवळजवळ सोळा गुंठे! आईला हे सांगितलं तर म्हणाली, “सातबारा कोणाच्या नावावर?”

सेल बनवणाऱ्या ग्राहकाकडून कार्बनचा पहिला नमुना परत आला. जागा भरपूर, पण चार्ज केलेला सेल रात्रीत उतरायचा. दोष लोखंडाचा निघाला. आम्ही साध्या लोखंडी बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपात, दळत होतो, तिचेच कण भुकटीत. फिल्टरवाल्यांनी कधी तक्रार केली नव्हती. मग सिरॅमिकची मिल आणली. दळून झालं की आम्लाने धुवायचं, मग शुद्ध पाण्याने, पीएच ७ येईपर्यंत, म्हणजे आम्ल पुरतं निघेपर्यंत. कर्ज झालं ते या मिलपायी, भट्टीपायी नाही.

दुसरी चूक हावरटपणाची. भट्टीत जास्त वेळ ठेवून २,००० चौरस मीटरच्या वर गेलो. माल घटला आणि भुकटी इतकी पोकळ, की इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे सेलमधल्या कार्बनच्या थरात, जागा अडवायची पण वजन भरायचं नाही. ग्राहक तर सेलच्या आकारावर हिशेब करतो.

कोकणात आणखी एक पंचाईत. धुवायला पाणी हवं, तर मे महिन्यात विहीर तळाला. वाळवायला कोरडी हवा हवी, तर पुढचे चार महिने पाऊस. ओलावा राहिला तर सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटचा (आतल्या वीजवाहक द्रवाचा) २.७ व्होल्टचा सेल गॅस धरून फुगतो. म्हणून उन्हाळ्यात नुसती भट्टी आणि दळण, धुणं पावसात. माल व्हॅक्यूम ओव्हनमधून निघाला की लगेच नायट्रोजन भरून पिशवी सीलबंद.

आमची तुलना जपानच्या कुरारे कंपनीच्या मालाशी होते. तोही करवंटीचाच, त्यामुळे कच्च्या मालाला नावं ठेवायची सोय नाही. पगार अजून फिल्टरच्या कार्बनवरच निघतात. शेजारी बंबासाठी करवंट्या मागायला येतात; आता मात्र पाटी अर्धीच भरते.