मान राहू द्या, मागचे पाय बघा

वरातीतल्या घोडीची वळलेली मान बघून आपल्याकडं लोक खूश होतात. ड्रेसाजसाठी, म्हणजे ठरावीक चाली आणि आकृत्या सफाईनं करायच्या घोडेस्वारीच्या प्रकारासाठी, घोडा तयार करायचा तर ती मान आधी डोळ्यांपुढून काढा. लगाम आवळून हनुवटी छातीला टेकवली की घोडा हाताला हलका लागतो, पण तो बिट (तोंडातला लोखंडी दांडा) चुकवत असतो म्हणून हलका. पाठ दबते, मागचे पाय मागंच राहतात. कानांमधला माथा सगळ्यात उंच आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढं, एवढं दिसलं तरी बास. काटेदार लगाम तर खुंटीलाच राहू द्या.

सांगली-मिरज पट्ट्यातलं काळं रान या कामाचं नाही. पावसात खुराला चिकटतं, उन्हाळ्यात भेगाळतं. दाबलेला मुरूम, त्यावर दोन-तीन इंच क्रश सँड बरी. जास्त टाकली तर पायांच्या कंडरांवर ताण येतो. पाणी मारून घोडा साध्या चालीत सरळ चालवा आणि उतरून ठसे बघा. मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या पुढं पडायला हवा. मागं पडत असेल तर तुमचा हात आखडलाय किंवा घोड्याचं काही दुखतंय. खोगीर आणि नाल तपासा.

मग वर्तुळ. मधे खुंटी, १० मीटर दोरी, फक्कीची रेघ. २० बाय ४० च्या मैदानात अशी दोन बसतात. वर्तुळाचं अंडं होतं ते बहुतेक वेळा आतला लगाम ओढल्यामुळं: मान आत वळते आणि बाहेरचा खांदा निसटतो. तुमचा आतला पाय तंगाजवळ (खोगिराच्या पोटपट्ट्याजवळ), बाहेरचा जरा मागं, बाहेरचा लगाम कायम हातात. घोडा घाई करू लागला तर बाहेरची मूठ क्षणभर मिटा, पाय चालू ठेवा, लगेच सैल सोडा. हाच हाफ हॉल्ट. सैल सोडणंच लोक विसरतात. जमलंय का बघायला दोन पावलं आतला लगाम ढिला करा. घोडा फक्कीवरच राहिला पाहिजे.

रवाल या आपल्याकडच्या झपझप चालीत मुरलेल्या घोड्याचं दुखणं वेगळं. तिथं चार ठोके ऐकू येतात, दुडकीत दोनच हवेत, कारण तिरपे पाय, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा, जोडीनं उचलले जातात. जमिनीवर चार वासे सव्वा मीटर अंतरानं ठेवून त्यावरून दुडकी काढा. लहान चणीच्या घोड्याला अंतर थोडं कमी करा. बांबू नको, खुराखाली गडगडतो. वाशाला दोन्ही बाजूंनी माती लावा. सुरुवातीला घोडा दोन पावलं बरोबर टाकेल आणि पुन्हा रवालावर जाईल. तेव्हा पळवू नका, साध्या चालीवर आणून परत वाशांवर घाला.

सुरुवातीची १० मिनिटं सैल लगामावर, पुढची २०-२५ कामाची, दर चार-पाच मिनिटांनी दिशा बदलून. शेवटी लगाम बोटांतून हळूहळू सरकू द्या. मान पुढं-खाली लांबत गेली तर पाठ मोकळी झालीय. घोड्यानं झटक्यात हिसडा मारून लगाम घेतला, तर मघाचा सगळा वेळ तो तुमच्या हातावर टेकून चालला होता.