पाळीच्या तारखा सांभाळून अजिंठा-वेरूळ

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. हे दोन वार सांभाळून सगळेच सहल आखतात. आम्हाला आणखी एक तारीख सांभाळायची होती, माझ्या भाचीची. ती नववीत आहे आणि पाळीचे पहिले दीड-दोन दिवस तिचे फार वाईट जातात. ओटीपोटात कळा, कंबर धरते, मांड्या भरून येतात, कधी उलटीही होते. दिवाळीच्या सुट्टीत तिला आणि माझ्या मुलाला घेऊन पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला जायचं ठरलं तेव्हा ताईने हॉटेल कुठलं, तिकिटं किती, हे काही विचारलं नाही. "मधेच आली तर?" एवढंच विचारलं.

येणार हे धरूनच चालायचं, असं आम्ही ठरवलं. या वयात दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ४५ दिवस असं कुठेही असू शकतं, त्यामुळे मोबाइलमधल्या ॲपने दाखवलेल्या तारखेवर विसंबून आरक्षण करण्यात अर्थ नाही. ॲपच्या तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच दिवस मोकळे ठेवायचे म्हटलं तर सुट्टीच संपते. त्यापेक्षा कार्यक्रमच असा आखावा की त्यातला कुठलाही दिवस उचलून दुसरीकडे ठेवता येईल. जास्त चढायचं, उन्हात फिरायचं ठिकाण कुठलं आणि गाडी दारापर्यंत जाणारं कुठलं, हे आधी वेगळं काढून ठेवायचं, म्हणजे आयत्या वेळी अदलाबदल करता येते.

"गोळी देऊन पाळी पुढे ढका की" हा सल्ला दोन-तीन बायकांनी दिलाच. आपल्याकडे गणपती, लग्न, सत्यनारायण, कशासाठीही ही गोळी सर्रास घेतली जाते. ती नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असते आणि पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते. जिची तारीखच पक्की नाही तिने सुरू कधी करायची? शिवाय गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते, दुखणं टळत नाही. घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल किंवा मुलीला अर्धशिशी असेल तर ही गोळी धोक्याची ठरू शकते, म्हणून ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेडिकलमधून आणून देऊ नये. माझं मत विचाराल तर सहलीसाठी ती नकोच. पाळी पुढे ढकलण्यापेक्षा अजिंठा पुढे ढकलणं सोपं.

निघण्याआधी ताई तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. दुसऱ्याचं मूल घेऊन जाताना मला हे फार महत्त्वाचं वाटतं. चिठ्ठीचा फोटो, गोळीचं नाव, दोन गोळ्यांमध्ये किती तास ठेवायचे, दिवसाला जास्तीत जास्त किती, कसली ॲलर्जी आहे का, हे सगळं माझ्या फोनमध्ये होतं. तिला मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमीन एकत्र असलेली गोळी लिहून दिली होती, आपण जिला 'मेफ्टाल स्पास' म्हणून ओळखतो तीच. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांच्यामुळे गर्भाशय ओला टॉवेल पिळावा तसं आकसतं आणि कळा येतात. गोळीतलं मेफेनॅमिक ॲसिड ही द्रव्यं तयार होण्यालाच आळा घालतं. म्हणून ती कळा सुरू होताहोताच घ्यायची. मुलगी गुडघे पोटाशी घेऊन रडायला लागेपर्यंत वाट बघितली तर गोळीचा जोर पडत नाही. "सहन होतंय तोवर घेऊ नकोस, सवय लागेल" असं आजी म्हणाली होती. महिन्याला दोन दिवस घेतलेल्या या गोळीची सवय लागत नाही. मात्र उपाशी पोटी घेऊ नये. दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊच नये. आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून वर कॉम्बिफ्लाम देणं तर नकोच, तीही त्याच जातीची वेदनाशामक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधकोश आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचनाही काढली होती. क्वचित कुणाला काही आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं अशी गंभीर ॲलर्जी होऊ शकते. घाबरून जायचं कारण नाही, पण असं काही दिसलं तर गोळी बंद करून डॉक्टर गाठायचे, हे माहीत असावं.

शुक्रवारी एसटीने निघालो. मार्च २०२३ पासून महिलांना सगळ्या एसटी गाड्यांत निम्मं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्याच. पण जागा मधली धरा. मागच्या चाकावरची सीट नको, प्रत्येक खड्डा थेट कमरेत बसतो. अहिल्यानगरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, आज काहीतरी होणार आहे." तिथेच ती जाऊन आली, पॅड लावलं, दोघांनी एकेक केळं आणि पारले-जी खाल्लं आणि तिने गोळी घेतली. स्टँडवरचं स्वच्छतागृह काही आवडीने जावं असं नव्हतं, पण पुढे ढाब्यावर काय मिळेल याचा भरवसा त्याहून कमी. लांबच्या गाडीत चढतानाच कंडक्टरला विचारून ठेवावं की गाडी कुठे आणि किती वेळ थांबणार. पोरींना विचारायची लाज वाटते, आपण विचारावं.

नेवासा फाट्याच्या पुढे कळा सुरू झाल्या. बसमध्ये रबरी पिशवी भरणार कुठे? आमच्याकडे स्टीलच्या थर्मासमध्ये गरम पाणी होतं. ते अर्ध्या लिटरच्या स्टीलच्या बाटलीत ओतलं, बाटली मोज्यात घातली आणि ओढणीखाली पोटाशी धरायला दिली. प्लॅस्टिकची बाटली चालत नाही, मऊ पडून वाकडी होते. चिकटवायचे गरम पॅचही मिळतात, ते कपड्यावरून लावायचे, कातडीवर नाही. आणि बाम चोळून त्यावर शेक घेऊ नका, भाजतं. शेक हा आजीबाईचा बटवा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सलग मंद शेकाने पाळीच्या दुखण्यात वेदनाशामक गोळीइतका आराम पडू शकतो, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. प्रवरासंगमचा पूल आला तेव्हा ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

शनिवारी खरं तर अजिंठ्याला जायचं होतं. ते रद्द केलं. हॉटेल घेताना मी दोनच गोष्टी बघितल्या होत्या: खोलीला जोडून बाथरूम आणि पाणी तापवायची किटली. सकाळी तिला दोन-तीनदा पातळ झालं. मुलगा लगेच म्हणाला, "कालच्या मिसळीने पोट बिघडलंय." मिसळीचा काही दोष नव्हता. कळा आणणारी ती प्रोस्टाग्लँडिनं आतड्यांवरही काम करतात, म्हणून पहिल्या दिवशी जुलाब, मळमळ होते. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, मऊ भात, वरण, थोडं दही, आणि दुपारपर्यंत अंथरूण. मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला मी सरळ सांगितलं की मुलींना दर महिन्याला रक्तस्राव होतो, त्याला पाळी म्हणतात, काहींना त्यात दुखतं. त्याने विचारलं, "मग पिशवीत परत पाणी भरून आणू का?" दिवसभर रबरी पिशवी भरायचं काम त्याच्याकडे. उकळतं पाणी ओतायला मात्र मी होते.

संध्याकाळी ती उठून बसली आणि म्हणाली, खोलीत कंटाळा आला. रिक्षाने बीबी का मकबरा बघितला. औरंगजेबाची बायको दिलरास बानो बेगम हिची ही कबर. जागा सपाट आहे, बसायला बाग आहे आणि नको वाटलं तर पाच मिनिटांत बाहेर पडता येतं. पहिल्या-दुसऱ्या दिवसासाठी यापेक्षा सोयीचं ठिकाण या शहरात मला तरी दिसलं नाही.

रविवारी वेरूळ. शहरापासून तीस-एक किलोमीटर, आणि कैलास लेणं, म्हणजे सोळा नंबर, फाटकातून आत शिरलं की समोरच. वरून खाली खोदत आणलेलं राष्ट्रकूटांचं ते अजस्र काम बघायला चढउतार करावी लागत नाही. एकूण लेणी चौतीस आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका. आम्ही कैलास सावकाश बघितलं, बौद्ध लेण्यांपैकी दहा नंबर बघितलं, लांबच्या जैन लेण्यांसाठी वाहन केलं. घृष्णेश्वर तिथून अगदी जवळ. आजीने फोनवर आधीच बजावलं होतं, "तिला देवळात नेऊ नका." मी भाचीला विचारलं, तुला काय करायचंय? तिला रांगेत उभंच राहायचं नव्हतं, कारण कंबर. ती आणि मी बाहेर बसून उसाचा रस प्यायलो. आत जाते म्हणाली असती तर मी तिच्याबरोबर गेले असते.

सोमवारी दौलताबाद करायचा मोह होतो, पण त्या पायऱ्या तिला झेपल्या नसत्या. पाणचक्की बघितली, दुपारी झोपलो आणि संध्याकाळी सिल्लोडमार्गे फर्दापूरला मुक्कामाला गेलो. पाळी असो-नसो, मुलं बरोबर असतील तर हा मुक्काम कराच. संभाजीनगरहून अजिंठा शंभर किलोमीटर आहे, सकाळी निघून पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. फर्दापूरला एमटीडीसीचं निवास आहे, खासगी लॉजही आहेत. पॅड, गोळ्या, ओआरएस शहरातून किंवा सिल्लोडहून घ्या, लेण्यांपाशी मिळतील या भरवशावर राहू नका.

मंगळवारी सकाळी फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून एसटीच्या बसने वर गेलो. खासगी गाड्या लेण्यांपर्यंत सोडत नाहीत. तिकिटाच्या आसपासच स्वच्छतागृहात जाऊन या, मग पायऱ्या चढा. चार माणसांची डोली मिळते, दर आधी ठरवा. भाचीला विचारलं तर "मी काय आजी आहे का?" म्हणाली आणि आमच्या पुढे चालायला लागली. चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात. दर लेण्यापाशी वाकून बूट सोडा-बांधायचा ताप पोटाला होतो, म्हणून नुसता पाय सरकवता येईल अशी चप्पल घाला. आणि एक फार कुणी सांगत नाही ते: डायसायक्लोमीनने तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, घामही कमी येतो, त्यामुळे उन्हात अंग तापतं. वाघूर नदीच्या त्या नालाकृती दरीत नोव्हेंबरातही दुपारी खडक तापलेला असतो. अशी गोळी चालू असेल तर पाणी पीत राहायचं, सावलीत थांबायचं. तिची गोळी तोवर बंद झाली होती. डबे-बाटल्यांबरोबर एक झिपची पिशवी ठेवा. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून त्यात घालून परत आणायचं, कोपऱ्यात टाकायचं नाही.

एक, दोन, सोळा, सतरा आणि सव्वीस, एवढी लेणी नीट बघितली तरी दिवस वसूल. सोळा नंबरमध्ये मूर्च्छा आलेल्या राजकन्येचं चित्र आहे. नवरा भिक्षू झाल्याचं कळल्यावर तिची शुद्ध हरपते, दासी तिला सावरून धरतात, एक वारा घालते. भाचीने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हिला कुणीतरी गरम पाण्याची पिशवी द्या रे."

गोळी किती वाजता घेतली, किती वेळात आराम पडला, दिवसाला किती पॅड लागली, हे ती फोनमध्ये लिहीत होती. ते डॉक्टरांना दाखवायचं आहे. नीट वेळेवर गोळी आणि शेक घेऊनही तीन महिन्यांत फरक पडत नसेल, शाळा बुडतच असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, तर "लग्न झाल्यावर थांबेल" म्हणून सोडून देऊ नका. एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, कोवळ्या वयातही असतो. तासाला एक पॅड भिजत असेल, ताप असेल, मुलगी बेशुद्ध पडली किंवा पोटाच्या एकाच बाजूला अचानक असह्य दुखायला लागलं, तर ती पाळीच असेल असं धरून चालू नका. प्रवास तिथेच थांबवून १०८ ला फोन करा. ॲपेंडिक्स किंवा अंडाशयाला पडलेला पीळ असू शकतो, त्यात तास मोजून काम असतं.

परतीच्या एसटीत नेमकी मागच्या चाकावरची सीट मिळाली. पण तोवर पाळी संपत आली होती, आणि सुप्यापर्यंत दोघांचं खिडकीवरून भांडण चालू होतं.