तुम्ही विचारलंत म्हणून: म्हातारी टॅरँटुला पडली, आता काय?

‘टॅरँटुला बरीच म्हातारी आहे. डब्याच्या भिंतीवरून पडली, पोटातून पाणी येतंय. डॉक्टरकडे नेऊ की वय झालं म्हणून राहू दे?’ टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळणाऱ्यांकडून गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत हा प्रश्न थोड्याफार फरकाने येतच असतो, आणि पावसाळ्यात जरा जास्तच.

ते पाणी नव्हे, तिचं रक्त आहे. त्यात लोहाऐवजी तांबं असतं, म्हणून ते रंगहीन किंवा फिकट निळसर दिसतं. ते थांबवण्याचं काम पहिल्या काही मिनिटांत घरीच करायचं. गोव्यातले बहुतेक पशुवैद्य कुत्री, मांजरं आणि गुरं बघतात. कोळी हाताळणारा शोधेपर्यंत वेळ निघून जातो. आणि वय झालंय म्हणून हात आखडायचं काहीच कारण नाही. मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या ब्रॅकिपेल्मा या टॅरँटुलाची मादी वीस वर्षांच्या पुढेही जगते.

तिला हाताने उचलू नका. वाडगा उपडा घालून खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि तळाशी टिश्यू पेपर अंथरलेल्या लहान डब्यात सोडा. अमेरिका खंडातल्या बहुतेक जाती पोटावरचे केस उडवतात, ते डोळ्यांत गेले तर फार त्रास होतो. चष्मा आणि मास्क लावूनच बसा. भारतातल्या पोइसिलोथेरियासारख्या जातींना असे केस नसतात, पण त्या विजेच्या वेगाने पळतात आणि त्यांच्या चाव्याने स्नायूंत जबर पेटके येतात.

पोटाला बारीक चीर असेल तर कापसाच्या काडीने चिमूटभर कॉर्नफ्लॉर जखमेवर अलगद दाबा. थेंब येत राहिला तर पुन्हा लावा. सुकलेली खपली धुऊ किंवा खरवडू नका. तरीही झिरपत असेल तर वर व्हॅसलिनचा पातळ थर द्या. सुपरग्लू हा शेवटचा उपाय: टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढाच, आणि पोटाखालच्या श्वासाच्या चार फटींपासून लांब. गोंद जास्त झाला की पुढची कात तिथेच अडकते. हळद, डेटॉल, माणसांची मलमं यांतलं काहीही नको.

पाय मधूनच तुटला असेल तरीही आधी कॉर्नफ्लॉर. रक्त थांबेचना तर चिमट्याने मांडीचा भाग घट्ट धरून झटक्यात वर ओढतात. पाय मुळाच्या सांध्यातून सुटतो आणि तिथलं तोंड स्नायू आवळून बंद होतं. ऐकायला क्रूर वाटतं, पण निसर्गात ती स्वतः हेच करते. हात स्थिर नसेल तर मात्र या फंदात पडू नका.

रक्त थांबलं की पाणी. टॅरँटुलाच्या पायांत आत ओढणारे स्नायू आहेत, पण मुख्य सांधे सरळ करणारे नाहीत. पाय पसरतो तो रक्ताच्या दाबाने. म्हणून रक्त किंवा पाणी कमी पडलं की पाय पोटाखाली मुडपतात. अशी मुडपलेली टॅरँटुला मेलीच असं समजू नका. बाटलीच्या झाकणात अर्धा सेंटिमीटर पाणी घ्या आणि जबड्यांखालचं तोंड पाण्याला टेकेल अशी तिला ठेवा. पोट मात्र पाण्याबाहेर हवं, कारण फुप्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला असतात. अर्धा तास तशीच राहू द्या. नुसतं ओल्या टिश्यूच्या दमट डब्यात ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्याने फार तर अंगातलं पाणी उडायचं कमी होतं, तहान भागत नाही. ती पाणी तोंडानेच पिते.

आता ती का पडली, ते बघू, कारण डबा तसाच राहिला तर ती पुन्हा पडेल. जुलैत आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की डब्यात पाणी शिंपडायची गरजच नसते, तरी पुस्तकी सवयीने लोक शिंपडतात. जमिनीवर राहणाऱ्या बऱ्याच जातींना ओली माती नको असते, म्हणून ती भिंत चढते. म्हातारपणी पायांची पकड सुटलेली, पोट जड. मग ती घसरून पडते आणि तेवढ्याने पोट फुटतं. कोरडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दाबून इतकं भरा की त्याच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतची उंची तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त राहणार नाही. दगड, करवंटीच्या धारदार कडा काढून टाका. दोन समोरासमोरच्या भिंतींना भोकं पाडा, नाहीतर चार दिवसांत बुरशी धरते. पाण्याची उथळ वाटी मात्र बारा महिने भरलेली हवी.

मुंग्या जखमेचा वास काढत येतात. डबा पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा, पण मुंग्यांचा खडू जवळपासही ओढू नका. त्यातलं कीटकनाशक कोळ्यालाही मारतं. डासांची कॉइल, लिक्विड, झुरळांचा स्प्रे यांचंही तेच. डेंगीसाठी गल्लीत धूर मारायला येतात तेव्हा डबा आतल्या खोलीत नेऊन दारं बंद करा.

जखमेनंतर निदान आठवडाभर खायला देऊ नका. मग लहान रातकिडा डोकं चेचून, हलत नसलेला, चिमट्याने समोर ठेवा. जिवंत किडा अशक्त टॅरँटुलाला कुरतडतो. बारा तासांत खाल्ला नाही तर उचला. पावसाळ्यात त्यावर माशा आणि माइट्स (अगदी बारीक किडे) जमतात. घरातली झुरळं देऊ नका, त्यांनी विष खाल्लेलं असू शकतं. महिनोन्महिने उपास केला तरी पोट गोल असेल तर काळजी नाही. पोट सुरकुतलं की आधी पाणी.

पुढे काय, हे नर की मादी यावर ठरतं. पुढच्या पायांना आतून आकडे आणि तोंडाजवळच्या लहान पायांच्या टोकांना बॉक्सिंगचे हातमोजे घातल्यासारखी बोंडं दिसली तर तो वयात आलेला नर. तो सहसा पुन्हा कात टाकत नाही, म्हणजे तुटलेला पाय येणार नाही, आणि त्याच्याकडे बहुधा काही महिनेच उरलेले असतात. त्याला पाणी, शांतता आणि सपाट जमीन द्या. मादीला मात्र पुढच्या कातेत पाय फुटतो, आधी आखूड, नंतरच्या कातेत पूर्ण. वयस्क मादीच्या दोन कातींत वर्ष-दोन वर्षंही जातात, तेव्हा धीर धरा.

पोट मोठं फाटून आतला भाग बाहेर आला असेल तर कॉर्नफ्लॉरने काही होत नाही. अशा वेळी भुलीचा वायू वापरणाऱ्या पशुवैद्याकडून तिला शांतपणे जाऊ द्यावं. बागेत सोडणं हा उपाय नाही.

आणि ती उताणी पडलेली दिसली तर फेकू नका. मरणारी टॅरँटुला बहुधा उभीच पाय मुडपते; उताणी असते ती कात टाकायला. मोठीला कित्येक तास लागतात. स्पर्श, फुंकर, पाणी काहीच नको, फक्त डब्यात जिवंत किडा असेल तर तो काढा. जुनी कात पायाला अडकून सुकलीच तर बारीक ब्रशने तेवढाच भाग पाण्याने भिजवत राहा, ओढू नका. नवे दात आधी पांढरे असतात, मग लालसर. ते काळे होईपर्यंत, म्हणजे मोठीला साधारण दोन आठवडे, खाणं बंद; वाटीत पाणी चालू.