मंगळवार पेठेत ‘टोकियो स्टोरी’

नोकरीनिमित्त ओसाकात राहू लागल्यापासून सुट्टीत कोल्हापूरला आलो की घरच्यांना एखादा जपानी चित्रपट दाखवायचा, असा माझा परिपाठ आहे. यंदा मंगळवार पेठेतल्या घरी काका आणि आत्याबाईंसोबत यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’ पाहिला. ओनोमिची या समुद्रकाठच्या गावातले वृद्ध आईवडील टोकियोतल्या मुलांकडे जातात, कामात गुंतलेली मुले त्यांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडून मोकळी होतात आणि गावी परतल्यावर लवकरच आई जाते. ‘हे तर आपल्याच गल्लीतलं,’ असे काका म्हणाले, आणि ते खरेही आहे. परंतु एवढ्या ओळखीवर समाधान मानले, तर परक्या मुलखातला चित्रपट निम्माच हाती लागतो, असे मला वाटते.

अंत्यविधीनंतरच्या जेवणात थोरली मुलगी शिगे आईचा किमोनोवरचा करडा पट्टा आपल्याला हवा म्हणते, तेव्हा आत्याबाई कडाडल्या, ‘काय बया म्हणायची ही! आई जाऊन दिस न्हाई झाला, आन् कापडं मागतीया!’ इथे मी चित्रपट थांबवला. मृताचे कपडे आणि रोजच्या वापरातल्या वस्तू आप्तांनी आठवण म्हणून वाटून घेण्याची जपानमध्ये जुनी रीत आहे, आणि ती बहुधा एकोणपन्नासाव्या दिवसानंतर पाळली जाते. म्हणजे मागणे रीतीला धरूनच आहे, खटकते ती घाई; धाकटी मुलगीदेखील नंतर हाच राग बोलून दाखवते. हे ठाऊक असले, की पुढे वडील विधवा सुनेला, नोरिकोला, आईचे घड्याळ देतात त्या प्रसंगाचे वजन कळते. रीत तीच, पण इथे न मागता, स्वतः होऊन दिलेली.

पत्नी गेल्यावर पहाट पाहायला बाहेर गेलेले वडील ‘आजही उकडणार’ एवढेच बोलतात, यावर काका फार नाराज झाले. आपल्याकडे मयताच्या घरी हंबरडा फुटला नाही तर लोक कुजबुजतात. मी त्यांना माझ्या कचेरीतल्या सहकाऱ्याविषयी सांगितले: वडिलांचे दिवस करून परतल्यावर तो प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन, रजेमुळे त्रास झाला म्हणून वाकून क्षमा मागत होता आणि मिठाईची एकेक पुडी ठेवत होता. दुःखाचा भार दुसऱ्यावर पडू नये, ही त्यामागची धडपड तिथे राहिल्याशिवाय चटकन उमगत नाही.

कॅमेऱ्याबद्दल मात्र मला काहीच सांगावे लागले नाही. ज्या शहरात १९२९ साली ‘प्रभात’ उभी राहिली, तिथली माणसे ती! कॅमेरा सतत जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका, किंबहुना त्याहूनही खाली आहे, हे काकांनीच प्रथम हेरले. पुढच्या खेपेस त्यांची एकच अट आहे: जे सांगायचे ते आधी सांग, मध्येच चित्रपट थांबवायचा नाही.