सुवॉनीच्या पठारावर: १८९९ च्या एका फुटबॉल हंगामाच्या मागावर

नॅशव्हिलहून चॅटानूगाच्या दिशेने निघाल्यावर बराच वेळ रस्ता शेतांमधून सरळ जातो आणि मग मॉन्टईगलपाशी एकदम चढाला लागतो. कंबरलँडचे पठार खालच्या दरीपासून सुमारे तीनशे मीटर उंच आहे आणि त्याच्या कडेवर, ओक आणि मेपलच्या रानात, टेनेसी राज्यातले सुवॉनी हे छोटे गाव वसले आहे. गाव आणि ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ यांना वेगळे काढणे अवघड आहे, कारण सुमारे तेरा हजार एकरांचा सगळा परिसर विद्यापीठाच्याच मालकीचा आहे. मी येथे ऑक्टोबरमध्ये गेलो तो सहा दिवसांत परगावी पाच सामने जिंकणाऱ्या, विद्यापीठाच्या १८९९ सालच्या फुटबॉल संघाचे गाव पाहावे म्हणून.

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेचा हातात चेंडू घेऊन धावण्याचा खेळ, आणि त्या काळी तो आजच्याहून पुष्कळ वेगळा होता. चेंडू पुढे फेकण्याची मुभा १९०६ मध्ये मिळाली. तोपर्यंत तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचे असल्याने सगळा खेळ अंगावर अंग आदळण्याचा होता. मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूला परत येता येत नसे, त्यामुळे दुखापत झाली तरी शक्यतो उभेच राहायचे. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला की टचडाउन होई आणि त्याला पाच गुण मिळत.

विद्यापीठाचे मैदान आवाराच्या आतच, वालुकाश्माच्या इमारतींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे १८९१ पासून फुटबॉल खेळला जातो आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील सर्वांत जुन्या मैदानांत त्याची गणना होते. बाकांच्या रांगा मोजक्या आहेत. दक्षिणेतल्या बड्या विद्यापीठांची लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम पाहिलेल्या माणसाला येथे काही घडले असेल हे सांगूनही पटणार नाही.

जे घडले त्याच्या मुळाशी मात्र शौर्य नव्हते, हिशेब होता. तिकिटांच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी बिनसले आणि मोठी कमाई देणारा तो सामना हातचा गेला. ती तूट भरून काढण्यासाठी संघाचा मॅनेजर ल्यूक ली याने थेट टेक्सासपर्यंतचा दौरा आखला. ली स्वतः तेव्हा विद्यार्थीच होता. पुढे त्याने नॅशव्हिलमध्ये वृत्तपत्र काढले, तो सिनेटवर गेला आणि पहिल्या महायुद्धानंतर, जानेवारी १९१९ मध्ये, हॉलंडमध्ये आश्रय घेतलेल्या जर्मन कैसरला पकडून नेण्याच्या इराद्याने काही सहकाऱ्यांसह त्याच्या दारापर्यंत जाऊन आला. अशा माणसाने आखलेले वेळापत्रक साधे असेल अशी अपेक्षा ठेवण्यातच अर्थ नाही.

प्रशिक्षक बिली सूटर आणि कर्णधार हेन्री सीबल्स यांचा हा संघ रेल्वेने निघाला. डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी पिंपांत भरून बरोबर घेतले होते आणि बूट मात्र मागे राहिल्याने तार करून मागवावे लागले, असे सांगतात. ९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठावर १२-०, १० तारखेला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमवर १०-०, ११ तारखेला न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेनवर २३-०. मधल्या रविवारी सामना नव्हता. १३ तारखेला बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटवर ३४-० आणि १४ तारखेला मेम्फिसमध्ये मिसिसिपीवर १२-०. सहा दिवसांत पाच सामने, पाच विजय आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण नाही. सगळा प्रवास सुमारे चार हजार किलोमीटरचा होता. प्रत्येक ठिकाणचा प्रतिस्पर्धी ताजातवाना होता आणि सुवॉनीचे खेळाडू मात्र रात्र गाडीत काढून आलेले, हे नकाशावर बोट फिरवताना अधिक जाणवते.

त्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहायला हवे. त्या संघाचा फुलबॅक, म्हणजे मागच्या फळीतून चेंडू घेऊन मुसंडी मारणारा खेळाडू, ऑर्मंड सिमकिन्स याचे पाय पुढे कापावे लागले आणि त्याचे कारण मैदानावरच्या जुन्या दुखापती असल्याचे सांगितले जाते. गौरवाच्या लेखांत ही गोष्ट एका ओळीत आटोपते, हे मला खटकते.

सुवॉनीचे नाव घेतले की सगळे त्या पाच सामन्यांविषयीच बोलतात, पण माझ्या मते हंगामाची खरी कसोटी त्यानंतर लागली. ३० नोव्हेंबरला मॉंटगोमेरीत ऑबर्नशी गाठ पडली. ऑबर्नचा प्रशिक्षक होता जॉन हाइसमन, ज्याच्या नावाचा पुरस्कार आज महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सर्वांत मानाचा समजला जातो. सुवॉनी ११-१० असे जेमतेम निसटले. हंगामात त्यांच्याविरुद्ध गुण मिळवणारा हा एकच संघ. दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाला ५-० असे हरवून त्यांनी हंगाम संपवला: बारा सामने, बारा विजय, ३२२ गुण आणि विरुद्ध केवळ १०. त्यांतला कंबरलँड विद्यापीठावरचा ७१-० असा विजय मला विशेष वाटत नाही. मॉंटगोमेरीचा तो एक गुण पुष्कळ अधिक मोलाचा आहे.

पुढे खेळात पैसा आला आणि छोट्या विद्यापीठाचा निभाव लागेना. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे सुवॉनी संस्थापक सदस्य होते, पण त्या गटातले ३७ फुटबॉल सामने ते ओळीने हरले आणि १९४० मध्ये बाहेर पडले. आज ते तिसऱ्या श्रेणीत खेळतात.

येथे येणाऱ्याने डोंगराच्या पायथ्याचे कोवन गाव चुकवू नये. तेथील जुन्या स्थानकात रेल्वे संग्रहालय आहे. हा चढ ओलांडणाऱ्या गाड्यांना पूर्वी कोवनला जादा इंजिन जोडावे लागे, अगदी खंडाळ्याच्या घाटात बँकर लावतात तसेच. कोवनहून सुवॉनीला चढणारी शाखा ‘माउंटन गोट’ म्हणून ओळखली जाई. ती बंद झाली असून तिच्या मार्गाच्या काही भागावर आता पायवाट केली आहे. मोटार ठेवून तिच्यावरून निदान थोडे तरी चालावे.