टाळांच्या कपाटाची किल्ली

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील दुसरा शनिवार, रात्री साडेदहा

आज आमच्या चर्चच्या मंडळीच्या कमिटीच्या बैठकीत मी एक वाक्य बोलले, आणि ते सायंकाळपासून माझ्याच कानांत वाजत आहे. गेली दोन वर्षे न चुकता उपासनेला येणारी, पण घरच्या अडचणींमुळे बाप्तिस्मा न घेतलेली एक बाई उपवासकाळातील भजनांना टाळ धरण्याची परवानगी मागत होती. "आधी बाप्तिस्मा होऊ द्या, मग पाहू," असे मी म्हणाले. कोणी विरोध केला नाही. ती बाहेर व्हरांड्यात थांबली होती. निरोप ऐकून "बरं, बाई" एवढेच म्हणाली.

उद्याच्या पाठाची तयारी म्हणून रात्री बायबलमधले प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडले, तर समोर दहावा अध्याय आला. यापो येथे भर दुपारी भुकेलेला पेत्र, येशूचा शिष्य, धाब्यावर प्रार्थना करीत असताना आकाशातून चादरीसारखे काही उतरते आणि यहुद्यांना निषिद्ध असलेले प्राणी खाण्याची आज्ञा तीनदा होते, हा प्रसंग मी रविवारच्या शाळेतल्या मुलांना किती वेळा रंगवून सांगितला असेल! पण हा पेत्र नवशिका नव्हता, हे मी मुलांना कधी सांगितले नाही. तो प्रभूबरोबर हिंडला होता, पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, त्याने हजारोंपुढे भाषण केले होते, आणि चामडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरण्याइतका तो बदललाही होता. तरीही कर्नेल्य या परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, रोमी शताधिपतीच्या उंबरठ्याशी त्याचे मन अडलेलेच होते. पुढे कैसरीयात कर्नेल्याच्या घरी पेत्राचे बोलणे संपण्यापूर्वीच त्या परजातीय माणसांवर पवित्र आत्मा उतरला आणि बाप्तिस्मा त्यानंतर झाला. हा क्रम मला तोंडपाठ आहे. बैठकीत मात्र तो मला आठवला नाही, की आठवून घ्यायचा नव्हता, हे नक्की सांगता येत नाही.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या शेवटच्या वर्षांकडे आपण नगरकर थोडे अवघडून पाहतो, असे मला नेहमी वाटते. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. बावीस वर्षांनी, 1917 मध्ये, मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना सामावून घेणारा 'देवाचा दरबार' त्यांनी मांडला, ही गोष्ट मात्र आपण एका वाक्यात आटोपतो. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, नाव आणि मान मिळालेला असताना, या माणसाला आपली आधीची समज अपुरी वाटली. पंडिता रमाबाईंचेही तसेच. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर कित्येक वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, अशी कबुली त्यांनी दिली. माझी बहुधा अशी कबुली देण्याची तयारी नाही. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला आणि दृढीकरण, म्हणजे त्या विश्वासाची स्वतः जाहीर कबुली देण्याचा विधी, शाळेत असताना. त्यानंतर माझ्यात काही बदलायचे उरले आहे का, असे मला कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही.

बायबलमधल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौल "आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या" असे लिहितो. यातील 'होऊ द्या' मला आज टोचले, कारण मीही दुपारी नेमके हेच शब्द वापरले होते, मात्र दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून.

यात शिस्तीचा प्रश्न नाही असे नाही. प्रभुभोजनाच्या भाकर-द्राक्षारसाला बाप्तिस्मा झालेल्यांनीच यावे, ही मर्यादा मला आजही मान्य आहे आणि ती उद्याही राहील. पण टाळ म्हणजे प्रभुभोजन नव्हे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणाऱ्या टिळकांची भजने आम्ही गातो, आणि त्याच भजनांना साथ करणारा हात मी दाराशी अडवला. शिवाय हे एकदा उमगून भागत नाही: कैसरीयाहून परतलेला पेत्र पुढे अंत्युखिया शहरात लोकांच्या भीतीने परजातीयांच्या पंगतीतून उठला आणि पौलाला त्याला तोंडावर बोलावे लागले. मला तोंडावर बोलणारे कमिटीत कोणी नाही. वयाचा मान आड येतो.

टाळांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. उद्या सकाळी उपासनेपूर्वी तिच्या घरी जाऊन क्षमा मागायची, असे ठरवले आहे. नंतर कमिटीपुढे विषय पुन्हा काढावा लागेल, आणि पाळकसाहेब काय म्हणतील ते ऐकावे लागेल. ती टाळ धरायला आता तयार होईल की नाही, हेही तिच्यावर आहे.