हिंगाला आफ्रिकान्समध्ये काय म्हणतात?

केपटाउनहून पूर्वेकडे निघालेला एन-टू महामार्ग सर लोरीज खिंड चढून गेला की मागे फॉल्स बेचे पाणी दिसेनासे होते, पुढे एल्गिन आणि ग्राबाउच्या सफरचंदांच्या बागा लागतात आणि हाउहुकची खिंड उतरल्यावर गव्हाचा, मेंढ्यांचा मोकळा मुलूख सुरू होतो. या मुलखाचे नाव ओव्हरबर्ग, म्हणजे सरळसरळ ‘डोंगरापलीकडे’; आपल्या घाटमाथ्यावरच्या माणसाने कोकणाला ‘खाली’ म्हणावे तसे केपटाउनच्या माणसाने ठेवलेले. मी तिथे पोहोचलो तो दिवस १६ ऑक्टोबर २०२३, सोमवार. कनोला या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकाचा पिवळा बहर ओसरला होता, शेतांत निळ्या क्रौंचांच्या जोड्या फिरत होत्या आणि तीन आठवड्यांपूर्वीच्या पुराने कुरतडलेल्या रस्त्यांच्या कडा अजून बुजवलेल्या नव्हत्या.

मला जायचे होते ते कॅलेडॉनच्या पुढच्या एका छोट्या गावातील सामुदायिक रेडिओ केंद्रावर. गाव इतके लहान आहे की केंद्राचे नाव लिहिले तर तिथली माणसेही ओळखू येतील, म्हणून ते लिहीत नाही. दोन खोल्या, त्यांतल्या आतल्या खोलीच्या भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, बाहेर एक टेबल, किटली आणि वीज जाण्याच्या वेळांचा छापील तक्ता. त्या तक्त्यावरचा ‘लोडशेडिंग’ हा शब्द वाचून मला परक्या देशात असल्याचे क्षणभर विसरायला झाले. दहा-पंधरा वर्षांपूर्वी विदर्भ-मराठवाड्यातल्या घराघरांत जो शब्द होता, तोच इथे शेतकरी, दुकानदार आणि शाळकरी मुले त्याच वैतागाने उच्चारत होती.

निवेदिका म्हणजे साठी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका. केंद्रातली तरुण मुले त्यांना ‘टॅनी’ म्हणत, म्हणजे काकू; मी नवखा पाहुणा असल्याने त्या मला ‘मेनेर’, म्हणजे महाशय, म्हणत आणि मीही लवकरच त्यांना टॅनी म्हणू लागलो. आदल्या रात्री पॅरिसमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाने फ्रान्सला २९-२८ असे एका गुणाने हरवून विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली होती, त्यामुळे सकाळचे पहिले दोन तास दुसऱ्या कशालाच जागा नव्हती. फोन करणारा ज्या भाषेत सुरुवात करील त्या भाषेत टॅनी उत्तर देत. एकाने आफ्रिकान्समध्ये, म्हणजे डचमधून घडलेल्या तिथल्या भाषेत, सुरू केलेले वाक्य इंग्रजीत संपवले, तेव्हा त्यांनीही इंग्रजीत सुरू करून आफ्रिकान्समध्ये संपवले, आणि या अदलाबदलीकडे मी सोडून कोणाचेही लक्ष गेले नाही. वेळापत्रकात अमुक तास अमुक भाषेचा अशी वाटणी असेल असे मी समजून गेलो होतो. वाटणी होती, पण ती तासांची नव्हती. नगरपालिकेच्या सूचना इंग्रजीत, कारण त्या तशाच येतात, हवामान दोन्हींत, आणि मृत्युवार्ता आफ्रिकान्समध्ये.

मृत्युवार्ता दहा वाजता. त्यासाठी टॅनींकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. त्या दिवशी वहीत तीन नावे होती. त्यांनी चष्मा पुसला, संगीताचा आवाज सावकाश खाली आणला आणि प्रत्येक नाव दोनदा वाचले: माणसाचे पूर्ण नाव, मग गावात ज्या नावाने हाक मारीत ते नाव, मागे कोण कोण राहिले, अंत्यविधी कोणत्या चर्चमध्ये, आणि शेतांवरून माणसे आणण्यासाठी बस कुठून किती वाजता सुटणार. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, कारण फळबागांत आणि मेंढ्यांच्या वाड्यांवर राबणाऱ्या कुटुंबांकडे गाडी नसते. वाचन संपल्यावर त्या दहा-बारा सेकंद काहीच बोलल्या नाहीत. रेडिओवर दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते. मी तर यंत्र बिघडले की काय म्हणून दिव्यांकडे पाहू लागलो. तेवढ्यात फोन वाजला. एका घरून बसची वेळ दुरुस्त करून आली, साडेआठ नव्हे, आठ. टॅनींनी वहीत खाडाखोड केली आणि ती वार्ता तिसऱ्यांदा वाचली.

अशा केंद्रांना दक्षिण आफ्रिकेत कायद्याची जागा मिळाली ती १९९३ च्या स्वतंत्र प्रसारण प्राधिकरण कायद्याने. त्याआधी हवेवर सरकारी महामंडळाचाच वरचष्मा होता. त्याच वर्षी २५ एप्रिलला केपटाउनच्या बुश रेडिओने परवान्याविना प्रक्षेपण सुरू केले आणि पोलिसांनी काही तासांतच ते बंद पाडून यंत्रे उचलून नेली. दोन वर्षांनी त्याच बुश रेडिओला रीतसर परवाना मिळाला. आज सामुदायिक केंद्र नफ्यासाठी चालवता येत नाही, जाहिराती मात्र घेता येतात आणि स्वतःच्या बातम्याही देता येतात. या शेवटच्या मुद्द्याशी मी जरा अडखळलो. आपल्याकडे २००६ च्या धोरणानंतर सामुदायिक केंद्रे वाढली, साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी तर २००८ पासून माणदेशी बोलीत बोलते आहे. पण बातम्या द्यायच्या तर त्या आकाशवाणीच्याच. इथे सप्टेंबरच्या पुरात कोणता पूल पाण्याखाली आहे हे पुलाजवळचा शेतकरी फोन करून सांगत होता आणि केंद्र त्याची बातमी करून लगेच वाचत होते.

आफ्रिकान्सविषयी माझ्या मनात एकच चित्र होते, १६ जून १९७६ चे: शाळेत ही भाषा लादली म्हणून रस्त्यावर उतरलेली सोवेटोची मुले आणि त्यांच्यावर झालेला गोळीबार. ते चित्र खोटे नाही, परंतु अपुरे आहे. ही भाषा घरी बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतरांची संख्या जास्त आहे, आणि टॅनी स्वतः तिकडे ‘कलर्ड’ म्हणवल्या जाणाऱ्या संमिश्र वंशाच्या समाजातल्या आहेत. डच मालकांची भाषा तिथल्या मूळच्या खोइ लोकांच्या आणि बंगाल, मलबार, कोरोमंडल, जावा इथून आणलेल्या गुलामांच्या तोंडी पडून तिची आफ्रिकान्स झाली. एकोणिसाव्या शतकात केपटाउनच्या मदरशांत ती अरबी लिपीतही लिहिली जात होती. राजभाषेचा मान तिला १९२५ मध्ये मिळाला, तेव्हा या पूर्वजांची आठवण काढण्याची कोणाला गरज वाटली नाही.

एक गोष्ट मला खटकली, आणि ती मी टॅनींना विचारलीही. २०२२ च्या जनगणनेनुसार वेस्टर्न केप प्रांतात आफ्रिकान्स घरी बोलणारे ४१ टक्क्यांच्या आसपास आहेत, तर खोसा ही आफ्रिकी भाषा बोलणारे ३१ टक्क्यांच्या. या केंद्रावर खोसाला रविवारी दुपारचा एक तास. टॅनी म्हणाल्या, ‘या-निअ’. याचा शब्दशः अर्थ ‘हो-नाही’, आणि आपल्या ‘आता काय सांगणार’ इतकाच तो सोयीचा आहे. पुढे त्यांनी सांगितले की खोसा बोलणारा मुलगा शिकून तयार झाला की त्याला केपटाउनचे मोठे केंद्र उचलते. ते खरे असेल. तरी एक तास तो एकच तास.

अकरानंतर त्यांनी मला माइकपुढे बसवले. स्वयंपाकाचा कार्यक्रम होता. तिकडे लोणच्याला ‘आचार’ म्हणतात, थेट आपल्या शेजारच्या हिंदीतल्यासारखे, म्हणून पाहुण्याने त्याच्या घरचे लोणचे सांगावे असे ठरले. मी आईचे लिंबाचे लोणचे इंग्रजीत सांगू लागलो आणि टॅनी वाक्यामागून वाक्य आफ्रिकान्समध्ये करीत गेल्या. लिंबे, मीठ, मोहरीची डाळ, हळद, मेथी, सारे बिनबोभाट पार पडले. हिंगाशी गाडी अडली. मी वास वर्णन करून पाहिला, झाडाच्या चिकाविषयी सांगितले, पण टॅनींच्या चेहऱ्यावर काही उमटेना. त्यांनी सरळ श्रोत्यांनाच विचारले आणि एक गाणे लावले.

गाणे संपायच्या आत एका शेतावरून आजीबाईंचा फोन आला. त्यांच्या आईच्या घरगुती औषधांच्या पेटीत ही वस्तू असे, लहान मुलाचे पोट दुखले की चाटवीत, आणि तिला म्हणतात ‘डाइव्हल्सड्रेक’. टॅनी खो-खो हसत सुटल्या आणि माइक बंद करायचा विसरल्या. मग डोळे पुसत त्यांनी मला अर्थ सांगितला: सैतानाची विष्ठा. ‘मेनेर,’ त्या सगळ्या ओव्हरबर्गच्या साक्षीने म्हणाल्या, ‘हे तुमच्या आईसाहेब लोणच्यात किती घालतात?’